स्केलसाठी शोभना

कलेची नजर माणसाला जन्मतःच असावी लागते, ती मागाहून कमावता येत नाही, असं यशोधन गुप्ते यांचं ठाम मत होतं. त्यांना स्वतःला ती गेल्या सप्टेंबरपासून होती.

सप्टेंबरात ते आणि त्यांची बायको शोभना फ्रान्समधला नॉर्मंडी प्रांत बघून आले. त्याआधीची सगळी हयात यशोधननी ओहायोतल्या गावोगावच्या सांडपाण्याच्या लाइनी डिझाइन करण्यात घालवली होती. काम चोख होतं. पण सांडपाण्याचं असं आहे की ते नीट वाहिलं तर तुमचं नाव कुणी काढत नाही, आणि तुंबलं तर सगळे काढतात. रिटायर झाल्यावर तेही थांबलं. ओहायोतल्याच डब्लिन गावच्या मराठी मंडळातल्या लोकांना त्यांची आठवण यायची ती बेसमेंटमध्ये पाणी शिरल्यावर.

नॉर्मंडीहून मात्र ते रसिक होऊन परतले. गळ्यात स्कार्फ आला. देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये उभं राहून, डोळे बारीक करून ते म्हणायचे, "हा उजेड बघा. काय उजेड आहे." ओहायोत तसा उजेड पडला की पाठोपाठ गारा पडतात, हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे लोक गाड्यांकडे पळायचे. रसिकाजवळ थांबायला कुणी तयार नव्हतं.

तशात मंडळाच्या ज्येष्ठांची उन्हाळी सहल ठरायची वेळ आली. हृदयरोगतज्ज्ञ विवेक साठे यांनी अलास्काची क्रूझ सुचवली. यशोधननी सुचवली नॉर्मंडी: तिथली म्युझियमं, गॅलऱ्या, जुने मठ, आणि हे सगळं समजावून सांगायला स्वतः यशोधन. अडतीस माणसं आपल्या मागून चालताहेत, आपण छत्री उंच धरली आहे, आणि एकही जण बेसमेंटविषयी विचारत नाही, हे स्वप्न त्यांना हल्ली पहाटे पडायचं. ते खरं होणार की नाही, हे रविवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये, घरोघरून आणलेल्या जेवणाच्या पॉटलकनंतर, दोघांची भाषणं ऐकून हात वर करून ठरणार होतं.

विवेकनी पाच मिनिटांत आटोपलं. "बर्फ आहे, बुफे आहे, आणि चालावं लागत नाही. बोटच चालते." टाळ्या पडल्या.

यशोधन उठले. स्कार्फ सारखा केला.

"मंडळी, इंटरनेटवरून उचललेलं एकही चित्र मी दाखवणार नाही. जे दाखवीन ते या डोळ्यांनी पाहिलेलं आणि या हातांनी टिपलेलं."

इथे एक खुलासा करायला हवा. साइटवर वाढलेला इंजिनिअर नुसता फोटो कधी काढत नाही. भिंतीला तडा गेला तर तड्याशेजारी पेन धरतो, चर खणला तर चरात माणूस उभा करतो. नाहीतर बघणाऱ्याला कळणार कसं, तडा केवढा आणि चर केवढा? ही सवय यशोधनच्या हाडीमाशी खिळलेली. नॉर्मंडीत चर नव्हते, पण शोभना होती. "शोभना, जरा तिथे उभी राहा. स्केलसाठी." ती राहिली. सगळा प्रांतभर राहिली.

फोनच्या एवढ्याशा पडद्यावर त्यांना यात काही वावगं दिसलं नव्हतं. सिअॅटलच्या मुलीला, आन्याला, त्यांनी स्लाइड्स पाठवल्या, तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, दे आर लव्हली. आई लुक्स सो क्यूट." यातलं दुसरं वाक्य त्यांनी घरगुती म्हणून सोडून दिलं होतं.

दिवे मालवले. पहिली स्लाइड भिंतभर उमटली.

"हे सतराव्या शतकातलं तैलचित्र," यशोधन घनगंभीर आवाजात म्हणाले. "वादळात सापडलेलं जहाज."

भिंतीवर जांभळ्या जॅकेटातली शोभना होती. तिच्या डोक्याभोवती सोनेरी चौकटीचे चार कोपरे दिसत होते.

"जहाज कुठाय?" जगन्नाथ काकांनी विचारलं. ते मंडळाचे सगळ्यात जुने सभासद आणि आजचे अध्यक्ष.

"शोभनाच्या मागे आहे, काका."

"म्हणजे बुडालं."

"शोभना, जॅकेट मस्त आहे गं," अंधारातून विवेकच्या बायकोचा, मृणालिनीचा आवाज आला. "कुठलं?"

"सेलमधलं. आत फ्लीस आहे."

"जॅकेटचं नंतर," यशोधन म्हणाले. "लाटांवरचा ब्रशवर्क पाहा."

"कुठल्या लाटा? आम्हाला झिपर दिसतेय."

यशोधननी घाईने पुढची स्लाइड लावली. जुन्या मठातली संताची मूर्ती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत अशा पुष्कळ मूर्तींची शिरं उडवली गेली, तसं हिचंही उडालेलं. मूर्ती अडू नये म्हणून इथे त्यांनी मुद्दाम शोभनाला मूर्तीच्या मागच्या पायरीवर चढवलं होतं. परिणामी संताच्या दगडी खांद्यांवर, बरोबर मध्यभागी, शोभनाचं हसरं डोकं बसलं होतं. चष्म्यासकट.

हॉलमध्ये सगळ्यांनी आदराने माना डोलावल्या.

"हे मात्र हुबेहूब जमलंय," जगन्नाथ काका म्हणाले. "कितव्या शतकातलं?"

"काका, डोकं शोभनाचं आहे."

"ते दिसतंय रे. बाकीची कुणाची?"

यशोधनच्या स्कार्फखाली घाम आला. पण पुढची स्लाइड म्हणजे हुकमाचा एक्का होता. रुआँ शहरातलं कॅथेड्रल. ते अख्खं मावावं म्हणून ते चौक ओलांडून इतके मागे गेले होते की एका कॅफेवाल्याने त्यांना मेनू आणून दिला. फोटोत मनोरे, कमानी, दगडाची जाळी, सगळं स्वच्छ आलं होतं. शोभना तांदळाच्या दाण्याएवढी. शेवटी एकदाची खरी स्केल.

"आता बघा," ते म्हणाले.

सगळ्यांनी बघितलं. कुणीतरी खुर्ची पुढे ओढली.

"शोभना कुठाय यात?"

"ती गौण आहे. या कमानीवरची..."

"ती बघा, डावीकडच्या दाराशी."

"छे, ती पोस्ट ऑफिसची पेटी असेल."

"अहो, खांबाजवळ. जांभळी."

"ती दुसरीच बाई आहे. आपल्या शोभनाची पर्स काळी."

विवेक चष्मा पुसून भिंतीपर्यंत गेले आणि कॅथेड्रल बोटाने इंच इंच तपासू लागले, एक्स-रे बघावा तसे. सातशे वर्षांच्या कोरीवकामावरून त्यांचं बोट फिरलं, पण ते कशावरच थांबलं नाही. शेवटी मृणालिनीला शोभना सापडली आणि हॉलमध्ये टाळ्या झाल्या. यशोधनना त्या दिवशी मिळालेल्या या पहिल्या टाळ्या.

त्यांनी कसलाही परिचय न देता पुढची स्लाइड लावली. म्युझियममधलं एक तैलचित्र: होन्फ्लरचं बंदर, संध्याकाळ, पाण्यावर शिडांच्या सावल्या. पूर्ण चित्र, चौकटीसकट, मध्ये कुणी नाही. यशोधननी भिंतीकडे हात केला. "हे. हेच मला तुम्हाला दाखवायचं होतं."

"शोभना नाही यात?" मृणालिनी म्हणाली. तिला काळजी वाटली असावी.

"नव्हते तेव्हा," शोभना म्हणाली. "गुडघा धरला होता. बाकावर बसले होते."

"म्युझियममध्ये बाक असतात?"

प्रश्न विवेकचा होता. त्यांचं खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"असतात की. प्रत्येक खोलीत. रुआँचे मऊ आहेत."

"पाठ असते त्यांना?"

"काहींना असते. नसलेल्यांपाशी भिंत जवळ आहे."

"आणि लिफ्ट?"

"ह्यांना कळायच्या आत मला सापडली होती."

दिवे कुणी लावले ते कळलं नाही. खुर्च्या वळल्या. शोभना बसल्या जागेवरून सांगत होती: कुठल्या खोलीत ऊन येतं, कुठे कुणी फिरकत नाही म्हणून डुलकी काढता येते, कुठली बाथरूम्स स्वच्छ, आणि कुठली गार्डबाई पर्समधल्या खाकऱ्यांकडे बघून न बघितल्यासारखं करते. लोक विचारत होते, ती सांगत होती. यशोधन रिमोट हातात धरून होन्फ्लरच्या संध्याकाळपुढे उभे होते आणि आता ते स्वतःच चित्र अडवत होते.

"मतदान घेऊ या," जगन्नाथ काका म्हणाले. "नॉर्मंडी कुणाकुणाला?"

हात वर गेले. पहिल्या रांगेतून, मागच्या रांगेतून, समोशांच्या टेबलापासून. मृणालिनीने दोन्ही वर केले. विवेकनीही केला. "यार, मऊ आहेत म्हणते ती," ते यशोधनना समजावणीच्या सुरात म्हणाले.

"मंजूर. आणि लीडर आपले यशोधन," काका म्हणाले. "छत्री त्यांनीच धरावी, उंच आहेत."

यशोधननी मान लववली. लोकांना कुठल्या का वाटेने होईना, पण कलेच्या दारापर्यंत आपण आणलं, असं त्यांना वाटलं. डोळे किंचित ओलावलेही.

"नियमाप्रमाणे विचारतो," काका म्हणाले. "अलास्का कुणाला?"

एकच हात वर झाला. शोभनाचा.