डाव्या टाचेचं परिपत्रक

सोमवारी सकाळी देमिस्सेच्या डाव्या टाचेवरची शीर कुरकुरू लागली, आणि त्याने ही गोष्ट नियमाप्रमाणे वरिष्ठांना कळवली. इथवर कोणाचीही चूक नव्हती.

देमिस्से अदीस अबाबाच्या गोदाम महामंडळाच्या धावपटू संघातला. आठवडा चढाचा होता. रोज एन्तोतोच्या डोंगरावर निलगिरीच्या रानातून धावायचं आणि शनिवारी निवड. तेविसांतले सहा संघात राहणार. उरलेल्यांनी गावी जाऊन बैलांच्या मागे धावायचं. देमिस्सेची उभी हयात बैलांच्या मागेच गेली होती. आता पुन्हा त्यांची शेपटी बघायची त्याची तयारी नव्हती.

प्रशिक्षक आसरात यांना सगळे आदराने ‘गाशे’ म्हणत. त्यांनी दुखापतींचा तक्ता उघडला.

“कधी दुखतं?”

“धावताना, गाशे.”

“म्हणजे धावता येतं.” त्यांनी ‘तंदुरुस्त’ या रकान्यात खूण केली. “न धावता दुखलं असतं, तर विचार केला असता.”

“दोन दिवस एकटाच सपाटीवर हळूहळू धावलो तर?”

गाशेंचा चेहरा असा पडला, की जणू पोटच्या पोराने वेगळी चूल मांडायची गोष्ट काढली. “एकटे धावतात ते ढेरी उतरवायला, बाळा. धावपटू रांगेत धावतो.”

रांगेची रीत पिढ्यांची. पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवायची आणि त्याने जिथे पाऊल टाकलं तिथेच आपलं टाकायचं. वाटेत दगड आहे की खड्डा, हे बघणं पुढच्याचं काम. चढावर सर्वांत मंद गडी पुढे ठेवायचा, म्हणजे रांग तुटत नाही. साहजिकच देमिस्से पुढे आला.

तो डावा पाय अर्धाच टेकवायचा, अंमळ ओढायचा आणि उजव्यावर भार घ्यायचा. मागच्या तोलोसाने तेच केलं, तोलोसाच्या मागच्याने तेच. मंगळवारी रांग शिस्तीत लंगडू लागली. डोक्यावर सरपणाचे भारे घेऊन उतरणाऱ्या बाया वाट देत थबकल्या.

“अगं, हे काल तर धड होते!”

“एकाच गाडीखाली आले असतील.”

“लेका, तुझ्यापायी माझी कंबर गेली,” धापा टाकत तोलोसा म्हणाला.

“मग सरळ धाव ना!”

“आणि रांग मोडू? मला निवडीत यायचंय.”

बुधवारी महामंडळाचे तांत्रिक अधिकारी पाहणीला आले. तेवीस माणसं एका तालात लंगडत वर येताना पाहून त्यांनी काळा चष्मा काढला.

“हे काय चाललंय?”

आता गाशे पेचात पडले. लक्षात आलं नाही म्हणावं तर नोकरी जाते. लक्षात येऊन चालू दिलं म्हणावं तरी जाते. एकतीस वर्षांचा अनुभव कामी आला.

“नवी पद्धत आहे, साहेब.”

“नाव?”

“डावा-विलंबित आरोहण.”

“वाटलंच मला,” साहेब म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं. “परदेशात हे केव्हाच सुरू झालंय.”

गुरुवारी मरियमचा, येशूच्या आईचा, सण; सराव बंद. देमिस्सेने देवळापुढे माथा टेकला आणि झऱ्याच्या पवित्र पाण्यात दोन तास टाच बुडवून बसला. मग थोरल्या बहिणीकडे, एमेबेटकडे जाऊन दिवसभर आडवा पडला. तिने कॉफीचे दाणे भाजले, रीतीप्रमाणे तिन्ही वाट्या पाजल्या आणि जागचं हलू दिलं नाही. संध्याकाळी त्याने पाय टेकवला, तर दुखणं नावालाही नव्हतं.

“मरियमने बरं केलं,” एमेबेट म्हणाली.

“आराम मिळाला म्हणून बरं झालं, ताई.”

“आणि सुट्टी कोणी दिली रे?”

त्याने हात जोडले.

शुक्रवारी परिपत्रक निघालं. ‘संघातील सर्व धावपटूंनी चढावर डावा-विलंबित आरोहणाचा अवलंब करावा. निवडीत शंभरपैकी साठ गुण चालीस राहतील. दोन्ही पायांवर समान भार देणाऱ्यांची गांभीर्याने दखल घेतली जाईल.’ देमिस्से हरणासारखा वर गेला. मागचे बावीस जण ठेचकाळून एकमेकांवर आदळले.

“तुझी चाल बिघडली,” गाशे म्हणाले.

“गाशे, बरा झालो मी! ते माझं दुखणं होतं.”

“होतं. आता ते संघाचं आहे.”

त्या दिवशी देमिस्सेने लंगडून पाहिलं. पण एकदा पाय खरा टेकला, की खोटा टेकवणं अवघड जातं. कधी डावा ओढला जाई, कधी उजवा. तोलोसाने त्याला बाजूला घेऊन कळकळीने शिकवलंसुद्धा. “असं नव्हे रे. टाच अशी. वेदना चेहऱ्यावर आण. तुला मूळ पद्धत कळलेलीच नाही.”

शनिवारी देमिस्सेने मनाशी ठरवलं, देवाने पाय बरा केला तो ओढत नेण्यासाठी नव्हे. तो सरळ धावला. दुसऱ्यापेक्षा साडेचार मिनिटं आधी माथ्यावर पोचला आणि इतरांची वाट बघत भाजके हरभरे खात बसला. दुपारी निकाल लागला. निवड झालेले सहाही जण उचलून बसमध्ये चढवावे लागले. देमिस्सेच्या नावापुढे लिहिलं होतं: ‘अपात्र. कारण: दुखत नाही.’

तो गाठोडं बांधत असताना गाशे आत आले. दार लोटून घेतलं, खाली बसले आणि डावा गुडघा चोळू लागले.

“खरं सांग पोरा, बरा कसा झालास?”

“एक दिवस रांगेत नव्हतो, गाशे.”

“हळू बोल,” दाराकडे बघत गाशे म्हणाले. उठले आणि पाय ओढत, परिपत्रकानुसार, निघून गेले.

मंडळी, हसलात ना? हसावं. पण हसून झालं की जागेवरून उठून खोलीत चार पावलं टाकून पाहावीत. डावा पाय अंमळ मागे राहतोय? राहू द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त शेवटचं कधी पडला होतात ते आठवून बघा.

पडलाच नव्हतात ना?