सिग्नेचं प्रस्थान

निघालेल्या पाहुण्याला थांबवून घ्यावं, तर या कार्कींच्या थोरल्या सुनेनंच! नेपाळातल्या आमच्या अख्ख्या स्यांग्जा जिल्ह्यात या कामात माझा हात धरणारं कुणी नाही. पण सिग्नेच्या वेळी मी अशी तोंडावर आपटले, की सांगायची सोय नाही. तरी सांगते.

सिग्ने म्हणजे डेन्मार्कची पोर. गावच्या शाळेत फुकट शिकवायला आली आणि पाच महिने माझ्या घरी राहिली. मला आमा म्हणायची, म्हणजे आई. मुलगा दोहाला, सून पोखऱ्याला. सिग्ने येण्याआधी मी बोलायचे ती म्हशीशी, आणि म्हैस काही आमा म्हणत नाही. गुरुवारी सकाळच्या बसनं पोर जाणार होती. मला गुरुवारची संध्याकाळ हवी होती. एकच, जास्त नाही!

म्हणून बुधवारी सकाळी मी चेहरा गंभीर करून म्हटलं, "उद्या निघू नकोस बाई. दिवस वाईट आहे. शुक्रवारी जा."

"खरंच, आमा?"

"खरंच म्हणजे? माझा चुलतदीर असाच वाईट दिवशी निघाला. छत्री विसरली म्हणून मागे फिरला, आणि याच उंबरठ्यात पाय मोडून बसला! एकदा निघालेल्या माणसानं परत घरात पाऊल टाकायचं नसतं!"

(दीर खोटा नाही. पायही खरंच मोडला. फक्त दारू पिऊन.)

पोरीचे डोळे हे एवढे झाले! फोन घेऊन ती अंगणात गेली. मी मनातल्या मनात कोंबडीसुद्धा कापली.

तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या खिमकलाचं डोकं वर आलं. खिमकलाही माझ्यासारखी एकटीच. पण तिच्याकडे कधी परदेशी पाहुणा उतरला नाही, आणि त्याचा राग ती माझ्यावर काढते.

"दिदी, एवढं काय त्यात? आजचा दिवस चांगला आहे ना? मग आजच प्रस्थान ठेव! कपाळाला टीका लाव, शकुनाचं दही-अंडं खायला दे, नि तिचं सामान माझ्याकडे पाठव. म्हणजे तुझ्या घरून निघाली ती आजच; उद्या माझ्या घरून बस धरेल. मिटलं!"

आता नाही कसं म्हणू? रीत खरी होती. खोटी होते मी! दातओठ खात टीका लावला. बॅग कुंपणापलीकडे गेली. जाऊ दे, म्हटलं, बॅग तिकडे, पोर इकडे.

बॅग ठेवून सिग्ने आली, आणि माझ्या दारासमोर गपकन थांबली.

"ये गं आत. जेवायचंय ना?"

"नाही, आमा. मी निघाले ना. पाय मोडेल."

"अगं, तसं काही नसतं!"

"दिराचा मोडला ना?"

आम्हाला नसेल एवढी श्रद्धा त्या पोरीला! पलीकडे खिमकला खुदुखुदु हसत होती. "ये बाळ, माझ्याकडे जेव."

कोंबडी शिजवली मीच. भांडं कुंपणावरून दिलं तेही मीच. मग संध्याकाळभर ओसरीवर बसून पलीकडचं हसणं ऐकत राहिले. सवयीनं भात दोघींचा केला होता. पाच महिन्यांत पहिल्यांदा घर एवढं मोठं वाटलं, आणि मला फार एकटं वाटलं.

सकाळी कुंपणाशी सिग्नेनं मला मिठी मारली. "आमा, काल मी फोन करून शुक्रवारच्या बसला नाव लावलं होतं. मग प्रस्थान ठेवलंत, म्हणून परत आजची बस घेतली. तुमचं सगळं ऐकलं, बघा!"

"शहाणी गं माझी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बस गेली.

दुपारी खिमकला धुतलेलं भांडं घेऊन आली आणि दाराबाहेरच घुटमळली.

"काल एवढ्या कशाला हसत होतात?" मी विचारलं.

"तुझी नक्कल करत होती. 'खा गं अजून! एवढंच? पोट आहे की खिसा?' अगदी हुबेहूब! मग रडायला लागली ती आवरेचना."

"करून दाखव."

"काय, रडणं?"

"नक्कल!"

खिमकलानं केली. अगदीच वाईट केली. मी तिला आत बोलावून आणखी दोनदा करायला लावली.