भुजंगरावांची तिसरी नळी

भुजंगराव लॅबोरेटरीत आले की पहिल्यांदा पंखा बंद व्हायचा. मद्रासचा मे महिना का असेना! रक्ताच्या नळ्या स्टँडवर उभ्या केल्या, की तासभर कुणी टेबलाला टेकायचं नाही, शिंकायचंही नाही. नळीतल्या तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात, ते हे गृहस्थ डोळ्यांत तेल घालून बघणार. जास्त बसल्या, तर अंगात कुठंतरी दाह आहे.

"कुठं, ते नळी सांगत नाही," हे त्यांचं पालुपद. आकडा चाळीस आला म्हणून कुणी रडकुंडीला आलं, तर दाढ दुखते का, सर्दी झालीय का, विचारत बसायचे.

मी साताऱ्याहून नवा आलेला. ते पिढीजात तंजावरचे. त्यांची मराठी ऐकून आधी वाटलं, माझी टर उडवताहेत. 'सगळं'ला 'अस्की' म्हणायचे, वर 'बरं' म्हणायच्या ऐवजी तमिळ 'सरी, सरी' करत मान डोलवायचे. काय ती गोड भाषा! आज ऐकायला मिळत नाही.

नळी जरा कलली तरी पेशी भराभर उतरतात, आकडा उगाच फुगतो. म्हणून खिशात गवंड्याचा ओळंबा. माझी नळी एकदा कललेली सापडली, तर आठ दिवस अबोला धरला.

त्यांच्या बायकोला सांधेवात होता. तंजावरला लेकीला पहिला मुलगा झालेला. रक्ताचा आकडा उतरला असेल तरच बारशाला जा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्या सकाळी भुजंगरावांनी तिचं रक्त आणून नळी लावली. तासानं आकडा आला ब्याऐंशी.

स्टँड कललाय, म्हणाले. ओळंबा धरून दुसरी नळी लावली. ऐंशी. मग फरशी वाकडी निघाली, रस्त्यावरच्या लॉरीनं टेबल हादरलं. दुसऱ्याची एक सबब ऐकून न घेणारा हा माणूस!

तिसरी नळी भरू लागले, तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "राव, स्टँड सरळ आहे."

"ठाऊक आहे," ते हळूच म्हणाले. "तिनं ट्रंकेत अस्की भरून ठेवलंय. नातवाची झबली पण. ही नळी लावली, की घरी जाऊन सांगायला अजून एक तास आहे."

मी स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसलो.