समन्वय मंडळाला संचालक मिळाला

एका जंगलात नाचणी पिकत होती. जंगलात नाचणी कशी, असं विचारू नका. गोष्टीत वाघ बोलतो ते तुम्ही मुकाट्यानं ऐकून घेता, मग नाचणीवरच अडून बसायचं काही कारण नाही.

तर मुलांनो, हे टेकडीवरचं जंगल. तिथं काटेराव नावाचं एक साळिंदर राहत होतं. अंगावर काटे, चालण्यात डौल आणि डोक्यात सतत काहीतरी. त्याची बायको काटेवहिनी. तिच्याही डोक्यात सतत काहीतरी असायचं, पण ते बहुतेक काटेरावाबद्दल असायचं.

टेकडीवरच्या नाचणीला खोडकिडा लागायचा. किडा खोडात शिरायचा, आतून पोखरायचा आणि कणीस भरायच्या आधीच ताट वाळून जायचं. काटेराव दर सुगीला शेतभर हिंडून किड्यानं सोडून दिलेली ताटं शोधायचा. त्यांचंच बी वेगळं ठेवायचा, तेच पुढच्या वर्षी पेरायचा. असं करता करता त्याची नाचणी अशी तयार झाली, की किडा यायचा, एक चावा घ्यायचा आणि तोंड वाकडं करून निघून जायचा.

काटेरावाला फार आनंद झाला. आनंद झालेला प्राणी घरात थोडाच बसतो? तो पाणवठ्यावर गेला.

पाणवठा तीन जंगलांच्या हद्दीवर होता. तिथं नदीकाठच्या जंगलातलं पाणमांजर भेटलं आणि माळावरच्या जंगलातलं तरस भेटलं. दोघंही आपापल्या जंगलातले शेतीतज्ज्ञ. बोलता बोलता कळलं, की नदीकाठीही खोडकिड्यावर प्रयोग चाललेत आणि माळावरही. इतकंच नाही, तर तिघांनीही आधी राख टाकून पाहिली होती आणि तिघांचीही राख फुकट गेली होती.

"म्हणजे एकच चूक आपण तीन ठिकाणी केली," काटेराव म्हणाला.

"पण आम्ही आमची स्वतंत्रपणे केली," तरस अभिमानानं म्हणालं.

"एकमेकांना सांगितलं असतं, तर दोघांची राख वाचली असती."

बोलणं शंभर टक्के खरं होतं. खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी होती. काटेरावानं दोघांना मूठ मूठ बी द्यायचं, त्यांनी आपलं मूठभर द्यायचं, राम राम म्हणून घरी जायचं. पण पाणमांजर म्हणालं, "याला काहीतरी रीतसर स्वरूप द्यायला पाहिजे."

झालं. स्वरूप द्यायला सुरुवात झाली.

अध्यक्षपदी गवासाहेबांना बसवलं. ते सगळ्यांत मोठे होते, आणि एकदा बसले की त्यांना उठवणं कोणाला जमत नसे. मग नावाचा प्रश्न आला. प्रत्येकाला आपल्या जंगलाचं नाव आधी हवं होतं. टेकडीवाले म्हणाले, आम्ही उंचावर. नदीकाठचे म्हणाले, आमचं पाणी पिऊन तुम्ही उंचावर. माळावाले काही म्हणाले नाहीत, नुसते उठून चालू लागले. शेवटी 'टेकडी, नदीकाठ व माळ कृषी संशोधन आणि विकास समन्वय मंडळ' असं नाव एका शिळेवर गोल कोरलं. ज्यानं त्यानं आपल्या बाजूनं वाचायला सुरुवात करावी, असं ठरलं. ती शिळा वाचायला तिच्याभोवती फिरावं लागे, त्यामुळे काही भाविक कासवं तिला प्रदक्षिणाही घालू लागली.

"आता बियाण्याची अदलाबदल करू या का?" काटेरावानं पहिल्याच बैठकीत विचारलं.

"छे, छे," गवासाहेब म्हणाले. "आता कशी करता येईल? आता मंडळ आहे. संचालक नेमेपर्यंत कोणी कोणाला बी द्यायचं नाही. नाहीतर समन्वयाला अर्थ काय राहिला?"

काटेरावाचं लक्ष एव्हाना दुसरीकडेच लागलं होतं. जांभळाच्या झाडाखाली संचालकासाठी सागाचा एक ओंडका आणून ठेवला होता. छान तासलेला, पाठ टेकायला मागं उंचवटा असलेला. बैठक सुटल्यावर काटेराव त्यावर सहज म्हणून बसून पाहून आला. काटे कुठं अडकत नव्हते. ओंडका जणू त्याच्याच मापाचा होता.

घरी गेल्यावर त्यानं काटेवहिनीला सांगितलं, "संचालकपदाची पात्रता लिहायचं काम माझ्याकडे आलंय."

"मग लिहा की, अंगावर काटे हवेत."

"तसं उघड नाही लिहिता येत. मी असं लिहिणार आहे, की संचालकानं तीनही जंगलांतल्या शेतात प्रत्यक्ष काम केलेलं असावं."

"तुम्ही कुठं केलंय? तुम्ही हा बांध ओलांडून गेला नाहीत कधी."

"कोणीच केलेलं नाही. तीच तर गंमत आहे. कोणीच पात्र ठरणार नाही, जागा रिकामी राहणार. मग म्हणणार, तोवर काटेरावांनी काम बघावं. तोवर म्हणजे कायमचं, हे तुला कळत नाही."

काटेवहिनीनं कपाळाला हात लावला. "मंडळ गेलं खड्ड्यात. नाचणी पिकलीय, ती कापायचं बघा आधी."

पण काटेराव ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. तो कुठली सही ओंडक्यावर शोभून दिसेल याचा विचार करत होता.

नियम मंजूर झाला. असा निःपक्षपाती नियम आपण जन्मात पाहिला नाही, असं गवासाहेब म्हणाले. कावळ्यांनी तीनही जंगलांत दवंडी पिटली. मुलाखतीचा दिवस उजाडला. पाणमांजर आलं, तर त्यानं काम केलेलं फक्त नदीकाठी. तरस आलं, तर त्याचं काम फक्त माळावर. दोघंही नापास झाले. काटेरावाला आतून गुदगुल्या होत होत्या. तो ओंडक्याकडे बघत अंगावरचे काटे सारखे करत होता.

इतक्यात एक किडकिडीत, मवाळ आवाजाचा उमेदवार आत आला. पिवळट कोट, लांब पाय, वागण्यात कमालीचा अदबशीर. तो टोळ होता.

"कुठं कुठं काम केलंय?" गवासाहेबांनी विचारलं.

"टेकडीवर, नदीकाठी आणि माळावर," टोळ म्हणाला. "शिवाय पलीकडच्या जंगलांतही. आमच्या कामाला हद्द नसते."

"शेतीचा अनुभव?"

"पिढीजात. आमचं सगळं घराणं याच क्षेत्रात आहे. एकदा शेतात उतरलो, की काम पुरं केल्याशिवाय आम्ही उठत नाही."

गवासाहेबांचे डोळे पाणावले. "अशी निष्ठा हल्ली कुठं बघायला मिळते," ते म्हणाले.

काटेरावाच्या अंगावर मात्र सगळे काटे उभे राहिले. लहानपणी त्याच्या वडिलांनी त्याला सांगितलं होतं. एकदा भर दुपारी आभाळ काळवंडलं, आणि ते मोकळं झालं तेव्हा खाली हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. तेव्हा आला होता तो हाच. काटेरावानं त्याला पुरतं ओळखलं.

आता तो बोलू शकला असता. पण बोलायचं म्हणजे नियम चुकला असं म्हणावं लागणार. मग असा नियम केलातच का, असं कोणीतरी विचारणार. आणि ओंडक्याची गोष्ट सगळ्यांना कळणार. काटेरावाला त्याची भारी लाज वाटली. त्यानं घसा खाकरला आणि एवढंच विचारलं, "आपण... एकटेच काम करता का?"

"नाही, नाही," टोळ हसून म्हणाला. "माझा सामूहिक कामावर विश्वास आहे."

हे ऐकून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काटेरावानंही वाजवल्या, पण अगदी हळू.

दुसऱ्या दिवशी काटेवहिनी विळा घेऊन दारात उभी राहिली. "अहो, कणसं गळायला लागली. आज कापायलाच हवी."

"संचालक पाहणीला येणार आहेत," काटेराव खाली बघत म्हणाला. "त्यांना उभं पीक बघायचंय."

"उभंच कशाला? कापलेलं दिसत नाही का त्यांना?"

"कापलेल्यात त्यांना रस नाही, असं म्हणाले."

काटेवहिनी विळा घेऊन निघून गेली.

संचालक ठरल्याप्रमाणे त्याच्या दुसऱ्या दिवशी आले. सोबत सहकारीही आणले. किती आणले ते विचारू नका, दिवसाउजेडी दिवा लावायची वेळ आली. आधी टेकडी झाली, मग नदीकाठ, मग माळ. कोणावर अन्याय झाला नाही. पाहणी आटोपली तेव्हा काटेरावाच्या शेतात नुसते बुडखे उरले होते. इतक्या वर्षांची, एकेक ताट निवडून तयार केलेली नाचणी गेली होती. काटेराव बांधावर बसला आणि ढसाढसा रडला. मुलांनो, यात हसण्यासारखं काही नाही. स्वतःच्या हातानं झालेलं नुकसान फार जिव्हारी लागतं.

काटेवहिनी त्याच्या शेजारी येऊन बसली. "रडून झालं असेल तर घरी चला," ती म्हणाली. "काल तुम्ही मंडळात गेलात, तेव्हा मी ओटीभर कणसं खुडून आणली. बिळात मागच्या बाजूला ठेवलीत."

काटेराव ताडकन उठला. "आपली नाचणी? वाचली? आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही ती मंडळाला कळवली असती. मला आंबील करायची होती."

त्याच संध्याकाळी बैठक भरली. टोळानं ओंडक्यावर बसून अहवाल वाचला. "कळवण्यास आनंद होतो, की तीनही जंगलांतले निष्कर्ष प्रथमच तंतोतंत जुळले आहेत. कुठंही तफावत नाही. खोडकिड्याचा प्रश्न कायमचा मिटला आहे, कारण खोड उरलेलं नाही."

गवासाहेबांनी समाधानानं मान डोलावली. समन्वय म्हणतात तो हाच, असं ते म्हणाले. मग त्यांनी सगळ्यांकडे नजर फिरवली. "अहवालाशी न जुळणारं काही कोणाकडे असेल, तर आत्ताच मांडावं. संचालक स्वतः घरी येऊन तपासणी करतील."

सगळ्यांच्या नजरा काटेरावाकडे वळल्या. बैठकीत बोलल्याशिवाय त्याला कधी राहवलं नव्हतं. तो सवयीनं उठून उभाही राहिला. किड्याला दाद न देणारी नाचणी अजून आहे, एवढं एक वाक्य. ते बोलला असता, तर मंडळाच्या शिळेवर त्याचं नाव कोरलं गेलं असतं. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर टोळाच्या जबड्याकडे गेली. अहवाल वाचून झाला होता, तरी जबडा आपला संथपणे हलत होता.

"नाही साहेब," काटेराव म्हणाला. "माझ्याकडे काही नाही."

तो आयुष्यात पहिल्यांदाच एवढं थोडं बोलला होता. तो खाली बसला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की पाणमांजरही जमिनीकडे बघतंय आणि तरसही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पाणवठ्यावर भेटले. पाणमांजरानं इकडेतिकडे बघून मूठ उघडली. तिच्यात बी होतं.

"आमच्या घरच्यांनी खुडून ठेवलं होतं," ते पुटपुटलं.

तरसानंही आपली मूठ पुढं केली. काटेरावानं काखोटीचं गाठोडं सोडलं आणि दोघांना मूठ मूठ नाचणी दिली. त्यांनी आपली दिली. मग राम राम म्हणून सगळे घरी गेले.

पुढच्या वर्षी तीनही जंगलांत, झाडीच्या आडोशाला, खोडकिड्याला न जुमानणारी नाचणी उभी राहिली. मंडळाच्या अहवालात मात्र तीनही जंगलांचं पीक शून्य दाखवलं गेलं, आणि निष्कर्ष पुन्हा तंतोतंत जुळले म्हणून गवासाहेबांनी संचालकांना मुदतवाढ दिली.

तात्पर्य: मुलांनो, सर्वांनी मिळूनमिसळून काम करावं. फक्त ते समन्वय मंडळाच्या कानावर जाऊ देऊ नये.