मॅग्निफिसंट गुडघा

“बाबांना उभं करायला व्यायाम नाही लागत,” धाकटा आईला म्हणाला, “शब्द लागतात. आणि शब्द हा आपला धंदा आहे!”

धंदा खराच होता. धाकटा घरबसल्या एका ऑनलाइन दुकानासाठी वस्तूंची इंग्रजी वर्णनं लिहायचा. उशा, बादल्या, पायपुसणी, साबणदाण्या, दिवसाला साठ. ‘अतिशय चांगलं’ हे बेचाळीस प्रकारे सांगणाऱ्या इंग्रजी विशेषणांची त्याच्याकडे एक यादी होती. प्रत्येक शब्दापुढे तो शेवटचा कशाला लावला याची नोंद असे, कारण एका पानावर दोन फँटास्टिक बादल्या बऱ्या दिसत नाहीत. चार वर्षांत त्याला साधी बादली अशी भेटलीच नव्हती.

उभं करायचं होतं ते बाबांना. त्यांचा उजवा गुडघा बदलून तीन आठवडे झाले होते. नवा गुडघा झकास होता, फक्त वाकत नव्हता. हाडांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, “बारा दिवस देतो. शनिवारी नव्वद अंशांपर्यंत वाकला तर ठीक. नाहीतर पुन्हा भूल देऊन आम्ही वाकवू.”

आता बाबा कशालाही भीत नसत, पण भुलीचं नाव काढलं की पांढरे पडत. त्याला कारण होतं. बाबांनी कपबश्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. कपावर पेन्सिल वाजवायची, आवाज ऐकायचा, शिक्का मारायचा. ‘एक्सलंट’ माल बोटीनं परदेशी जाई. ‘व्हेरी गुड’ दुकानांत. ‘गुड’ कारखान्याच्या कँटीनमध्ये. आणि ‘फेअर’ म्हणजे “फोडा!” पहिल्या ऑपरेशनच्या वेळी भूल चढता चढता बाबा कामावर रुजू झाले आणि “फोडा! फोडा!” असं खणखणीत ओरडले. समोर डॉक्टर हातोडी घेऊन उभे होते. त्यांनी ते किती मनावर घेतलं, ही शंका बाबांना आजही खात होती.

व्यायाम घ्यायला ज्या फिजिओबाई येत, त्या गुणी होत्या, पण बोलण्यात फार काटकसरी. पहिल्या दिवशी बाबांनी घामाघूम होत गुडघा बोटभर वाकवला. बाईंनी कोन मोजायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं मोजला, आपल्या वहीत आकडा टिपला आणि म्हणाल्या, “हं.”

बाई गेल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. “फेअर म्हणाली असती तरी चाललं असतं,” ते म्हणाले. “‘हं’ला तर शिक्कासुद्धा नाही!”

म्हणून धाकट्यानं दुसऱ्या दिवशी बाईंना जिन्यातच गाठलं आणि हातात यादी ठेवली.

“रोज एक शब्द. चढत्या क्रमानं लावलेत मी. बाबा हरभऱ्याच्या झाडावर चढतील की नाही बघा!”

बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. “मी फिजिओ आहे. भाट नाही.”

“बाई, प्लीज. माझ्या वडिलांसाठी!”

बाईंनी सुस्कारा सोडला. त्या दिवशी बाबांनी गुडघा वाकवला आणि बाई लाइटबिलावरचा आकडा वाचावा तशा म्हणाल्या, “वंडरफुल.”

बाबांनी डोळे उघडले. “काय म्हणालात?”

“वंडरफुल, काका. परत करा.”

बाबांनी परत केलं. मग न सांगता आणखी दोनदा केलं!

बुधवारी ‘फँटास्टिक’. गुरुवारी ‘सुपर्ब’. बाबांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून भिंतीला लावलं आणि त्यावर तारीख, शब्द, प्रत असे रकाने आखले. अंश बाईंच्या वहीत असत, ते बाबांनी कधी विचारलेच नाहीत. अंशांत कसलं आलंय कौतुक!

“सुपर्ब मोठं की स्प्लेंडिड?” त्यांनी धाकट्याला हाक मारून विचारलं.

धाकट्यानं आयुष्यात याचा विचार केला नव्हता. “सुपर्ब साडेसात,” तो ठासून म्हणाला, “स्प्लेंडिड आठ.”

“आणि गुड?”

“गुड आमच्या यादीत धरतच नाहीत, बाबा. गुड लिहिलं की माल परत येतो.”

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “आमच्याकडेही गुड म्हणजे काय? कान वाकडा, पण चहा गळत नाही.”

स्वयंपाकघरात काहीतरी जोरात आपटलं.

आई दारात आली. “गेली छत्तीस वर्षं,” ती म्हणाली, “रोज जेवून उठताना तुम्ही मला काय म्हणता?”

बाबांनी आठवून पाहिलं. धाकट्यानंही आठवून पाहिलं. दोघांनाही एकदमच आठवलं.

“अगं, ते वेगळं...”

“कान वाकडा!” आई म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी भाजीला मीठ नव्हतं. “एक्सलंट!” बाबा म्हणाले आणि दोनदा वाढून घेतली.

सोमवारी ‘मॅग्निफिसंट’ झालं. बाबा वॉकर सोडून काठीवर आले आणि गॅलरीतून येणाऱ्याजाणाऱ्याला “आमचा गुडघा मॅग्निफिसंट आहे!” असं कळवू लागले. धाकट्याची छाती फुगली. त्यानं मनातल्या मनात स्वतःचंही वर्णन लिहिलं आणि त्यात सहा विशेषणं वापरली.

मंगळवारी बाबांनी पलंगाच्या काठावर बसून दात आवळले, गुडघा वाकवला, वाकवला, आणि अजून थोडा वाकवला. बाईंनी पट्टी लावली. पुन्हा लावली. खाली वाकून पाहिली. यादी त्यांच्या पर्समध्ये होती आणि पर्स खुर्चीवर. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला आणि त्या अगदी मनापासून म्हणाल्या, “गुड!”

बाबांनी पाय हळूच पलंगावर घेतला आणि चादर डोक्यावर ओढली. “कँटीनचा माल,” आतून आवाज आला. “मॅग्निफिसंटवरून एका दिवसात कँटीन!”

“काका, अहो ऐका तरी...”

“या तुम्ही.”

बुधवारी त्यांनी बाईंना दारातूनच परत पाठवलं. गुरुवारीही तेच. जिन्यात बाईंनी यादी धाकट्याच्या हातात परत कोंबली आणि त्या उखडल्या.

“मंगळवारी बरोबर नव्वद झाला होता! म्हणून गुड म्हटलं मी. दहा दिवसांत तेवढा एकच शब्द माझा होता. बाकीचे तुमच्या उशांचे!”

“मग आता?”

“आता तीन दिवस चादरीत राहिले की आखडणार. शनिवारी डॉक्टर गुडघा बघणार आहेत, कॅलेंडर नाही!”

धाकटा चादरीपाशी जाऊन बसला. “बाबा, नव्वद झालाय. बाईंनी मोजलाय.”

“सांत्वन नको,” चादर म्हणाली. “चौतीस वर्षं माल तपासलाय मी. कपाला कोणी समजूत घालत नाही.”

शुक्रवारी सकाळी मात्र धाकट्याचा धीर सुटला. आई डब्यांवर डबे उगाच पुसत होती, आणि ती असं कधी करते हे त्याला ठाऊक होतं. बाबा ऑपरेशन थिएटरमध्ये असताना तिनं असेच दवाखान्याच्या बाकाचे दांडे पुसले होते. तो आत गेला आणि यादी चादरीच्या फटीतून सरकवली.

“ते शब्द बाईंचे नव्हते, बाबा. मी दिले होते.”

चादरीत बराच वेळ कागद सळसळला. मग बाबा बाहेर आले. आधी चष्मा, मग नाक, मग सगळेच.

“वंडरफुल: साबणदाणी,” त्यांनी वाचलं. “सुपर्ब: बादली, झाकणासह. मॅग्निफिसंट...” त्यांचा आवाज घसरला. “मॅग्निफिसंट: पायपुसणं?”

“रबरी तळाचं होतं, बाबा. घसरत नाही.”

“थांब!” बाबांनी काठी उचलली.

धाकटा दाराबाहेर पळाला. बाबा मागे! आणि सुरू झाला त्या इमारतीच्या इतिहासातला सर्वांत संथ पाठलाग. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, चौतीस पायऱ्या. बाबा एका हातानं कठडा धरून दुसऱ्यात काठी रोखून एक पायरी उतरले. धाकटा एक पायरी मागे सरला. तो जोरात पळाला असता तर बाबा थांबले असते, म्हणून पळता येईना. बाबा पडले तर? म्हणून पाठही फिरवता येईना. तो दोन्ही हात पसरून, मारायला येणाऱ्याला झेलायच्या तयारीनं, उलटा उतरत राहिला.

“माझा गुडघा,” पायरी, “म्हणजे काय,” पायरी, “पायपुसणं?”

“चुकलो, बाबा!”

“मागे बघून उतर, गाढवा! पडशील!”

वरून आई ओरडत होती, “अहो, मारा त्याला, पण सावकाश!”

सतरा मिनिटांनी बाबा शेवटच्या पायरीवर पोचले. खाली फिजिओबाई उभ्या होत्या. शेवटचा प्रयत्न म्हणून आल्या होत्या आणि बाबा पहिल्या मजल्यावर आल्यापासून सगळं बघत होत्या. त्यांनी बाबांना पायरीवर बसवलं, पर्समधून पट्टी काढली आणि गुडघ्याला लावली. आईनं जिन्याचा कठडा पुसायला घेतला.

“शहाण्णव,” बाई म्हणाल्या. मग वहीत टिपलं आणि पुढे म्हणाल्या, “हं.”

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. हळूहळू त्यांचे डोळे भरून आले. “हा खरा आवाज,” ते म्हणाले. “पेन्सिल मारल्यावर येतो तसा. पोरी, तुझे उपकार कसे फेडू?”

“वर चढून,” बाई म्हणाल्या.

ते मात्र जमलं नाही. बाबांना खुर्चीत बसवून वर न्यावं लागलं. पुढचे दोन पाय बाईंनी धरले, मागचे धाकट्यानं, आणि काठीचा मार त्याला तिथे निवांत खाता आला.

शनिवारी डॉक्टरांनी गुडघा पाहिला आणि म्हणाले, “ठीक. भुलीची गरज नाही.” ‘ठीक’ कितव्या प्रतीत येतं, हे बाबांनी विचारलंही नाही.

घरी आल्यावर त्यांनी फिजिओबाईंना चहाला बोलावलं आणि आपल्या रोजच्या कपात चहा दिला. कपाचा कान वाकडा होता.

“एक्सलंट माल बोटीनं गेला,” ते आईकडे न बघता म्हणाले. “कुठे गेला, कोणी वापरला, देव जाणे. मी घरी आणला तो गुड. तीस वर्षं रोज ओठाला लावला तो गुड.”

आईनं कपाच्या कानाकडे पाहिलं. “म्हणजे कान वाकडाच ना?” ती म्हणाली, पण त्या दिवशी भाजीला मीठ अगदी बेताचं होतं.

संध्याकाळी धाकटा भिंतीवरचं कॅलेंडरचं पान काढायला गेला. शेवटच्या ओळीत बाबांच्या तपासनिसी अक्षरात नवी नोंद होती. तारीख शुक्रवारची. शब्दाच्या जागी लिहिलं होतं, ‘धाकटा. जिन्यात हात पसरून.’ प्रतीच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘गुड.’

धाकट्याला गहिवरून आलं. त्यानं ते पान चारदा वाचलं. मग आरशापाशी जाऊन, कोणी बघत नाही याची खात्री करून, त्यानं दोन्ही कान तपासले.

डावा किंचित वाकडा होता.