स्लाइड क्रमांक सतरा : मोठे आतडे (नोंदवहीप्रमाणे)

माणसाचे अंतरंग ओळखणे अवघड, असे थोर लोक सांगून गेले. त्यांच्याकडे नोंदवही नव्हती.

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विभागाकडे आहे. तिच्यात पचनमार्गाच्या एकवीस स्लाइडची, म्हणजे भिंगाखाली बघायच्या काचेवरच्या कापांची, एकवीस उत्तरे आहेत. ओळखण्याची पद्धत :

१. जठर – खड्डेच खड्डे.
२. लहान आतडे – बोटांसारखे उंचवटे.
३. मोठे आतडे – उंचवटे नाहीत, सरळ नळ्या.
४. काहीच दिसत नसल्यास दिवा लावावा.

(पाहणीनुसार शंभरातले बहात्तर विद्यार्थी स्लाइड काचेच्या तड्यावरून ओळखतात, सव्वीस शेजाऱ्यावरून. उरलेले दोन भिंगातून बघतात. ते सहसा नापास होतात.)

त्या दोघांतली एक मुलगी तिसऱ्यांदा परीक्षेला बसली होती. या वेळी नापास झाली तर नावच कमी होणार होते. सतराव्या स्लाइडला तिने बराच वेळ डोळा लावला आणि लिहिले : अपेंडिक्स. कारण, पोकळी चिंचोळी, भोवती गाठींचे कडे.

"शून्य," नोंदवही बघून परीक्षक म्हणाले.

स्लाइड पुसणारे मामा पुढे आले. "साहेब, पोरगी बरोबर आहे. माझंच आहे ते."

"काय?"

"अपेंडिक्स. काढलं तेव्हा मोठ्या सरांनी मागून घेतलं. म्हणाले, मामा, विभागासाठी काहीतरी करा." मामांनी सदरा वर करून व्रण दाखवला.

व्रणाची तरतूद नियमांत नसल्याने समिती नेमली गेली. तिचे निष्कर्ष :

अ) या नोंदवहीवर एकोणतीस वर्षांत अकराशे चार डॉक्टर पास झाले. त्यांना परत बोलावणे गैरसोयीचे.
आ) सबब स्लाइड मोठ्या आतड्याची.
इ) स्लाइड मामांची, हे मामाच सांगतात.
ई) सबब मामांचे मोठे आतडे गेले आहे. (तब्येत ठणठणीत. अभिनंदनाचा ठराव संमत.)
उ) सबब अपेंडिक्स आतच आहे, आणि या वयात ते

"अहो, काढलंय की!" मामा मध्येच म्हणाले.

"पुरावा?"

"हा काय, भिंगाखाली!"

"ते मोठं आतडं आहे, मामा. किती वेळा सांगायचं?"

उ) (पुढे चालू) धोकादायक असल्याने सोमवारी काढावे.

मुलीला मात्र समितीने उदार मनाने उत्तर खोडायची मुभा दिली. तिने पेन उचलले, मामांकडे बघितले, पेन ठेवले.

"लिहून टाक गं," मामा म्हणाले. "मला टाक्यांची सवय आहे. तुला नापासाची लागायला नको."

तिने लिहिले.

सोमवारी मामांच्या पोटात अपेंडिक्स सापडले नाही. समितीने शोध चालू ठेवण्यास सांगितले आहे.

मुलगी पास झाली. आता तिची स्वतःची तपासणी-प्रयोगशाळा आहे. नमुना आला की ती आधी सोबतची डॉक्टरांची चिठ्ठी वाचते. चिठ्ठीत जे लिहिले असेल तेच मग भिंगाखाली दिसते. आजवर एकही तक्रार नाही.

तुम्ही परवा तपासायला दिलेला तुकडा तिच्याच टेबलावर आहे. "जरा लवकर द्या हो," असे फोनवर तुम्हीच म्हणालात. रिपोर्ट तयार आहे. बघण्यात वेळ गेला नाही.