बाबुलीकाकांचा बार

बाबुलीकाकांसमोर नारळ फोडायची सोय नव्हती. कुणी हातात नारळ घेतला की ते पुढे व्हायचे, भटजींसकट सगळ्यांना दहा पावलं मागे ढकलायचे, चारी दिशांना बघायचे आणि तीनदा ओरडायचे, "हुशार! फुटतलो हां!" सोड्याची बाटलीही त्याच इतमामाने उघडायची. एकदा त्यांना शिंक येणार होती, तर हात वर करून त्यांनी साखळी गावाला जाणाऱ्या बसमधली अख्खी रांग रिकामी करवली. शिंक आलीच नाही. "फुसको गेलो," म्हणाले आणि बसले.

दोष त्यांचा नव्हता. डिचोलीजवळच्या आमच्या लोखंडाच्या खाणीवर ते सुरुंगवाले होते. सावंतवाडीकडचे, एकटे, खाणीच्याच खोलीत राहणारे. सकाळभर खडकात भोकं पाडायची, त्यांत दारू भरून वर माती ठासायची, वायरी जोडायच्या. बाराच्या आधी ट्रक आणि माणसं बाहेर, चौफेर लाल बावटे, भोंगा. आणि मग काकांनी पेटीची मूठ दाबायची. धूळ बसली की एखादा बार न उडता राहिलाय का, ते बघायला पहिले तेच उतरायचे. तोवर कुणी पाऊल टाकलं तर शिव्या.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून थोडेच दिवस झाले होते. कँटीनमध्ये कोकणी-मराठीवरून कपबशा आपटायच्या. काका चहा फुंकत विचारायचे, "माझो भोंगो खंयच्या भाषेत वराडता रे? तरी सगळे पळतत मां?"

अशा माणसाचा बार उशिरा उडू लागला. कधी पाच मिनिटं, कधी दहा. तोवर अख्खी खाण हाताची घडी घालून उभी. मॅनेजर तापले. "आज उशीर झाला तर हा माणूस उद्यापासून फाटकावर राखणदार!" मी हजेरी-कारकून. काकांना शोधायला मला पिटाळलं.

सापडले बावट्यालगतच्या शेवटच्या घरात. खाण सरकत सरकत शेवंतीमावशीच्या परसापर्यंत आली होती. मावशी ठार बहिरी. तिच्या फळीवरच्या बरण्या खाली उतरवून काका आता तिला हाताला धरून चिऱ्यांच्या गडग्याच्या भिंतीआड बसवत होते.

"काका, चला! साहेब खवळलेत!"

"गप रे. हिका भोंगो ऐकाक येना नाय. लाकडां वेचूक बावट्याआत गेली तर?"

"मग साहेबांना सांगा की!"

"सांगलंय तर घर खाली करूक लावतले. ह्या वयात खंय जातली?" त्यांचा आवाज उतरला. "मी फाटकार बसतलंय रे. पण मगे हिका हयसर कोण बसयतलो?"

"तुम्ही पळा. मी बसतो हिच्याजवळ."

पन्नाशीचा तो गृहस्थ पँट सावरत असा धावला की भोंगाही त्याच्या मागून वाजला.

बरोबर बाराला बार उडाला. जमीन हादरली. मावशीने माझं मनगट आवळलं. भ्यायली असेल म्हणून मी तिला थोपटू लागलो. तिने माझा हात झटकला, धुळीच्या लोटाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "तो बरो आसा मां रे?"

संध्याकाळी मी हे काकांना सांगितलं. ते वायर गुंडाळत होते.

"कोणाची इचारपूस केल्यान?"

"तुमचीच."

"माझी?"

काकांनी गुंडाळलेली वायर सगळी सोडली आणि पहिल्यापासून गुंडाळायला घेतली. मान वर न करता म्हणाले, "उद्या इचारल्यान तर खुणेन सांग तिका. बरो आसंय म्हणान."